शिंगाड्याचा शिक्का

छत्तीस वर्षं मी पोस्टात होते. निम्मी खिडकीवर, उरलेली सब-पोस्टमास्तर म्हणून. कराडच्या आसपास बदल्या होत राहिल्या, पण सकाळचं पहिलं काम कुठेही तेच. तारखेच्या शिक्क्यातले खिळे बदलायचे, शिक्का शाईच्या गादीवर दाबायचा आणि पहिला ठसा वहीत उमटवायचा. आकडा उलटा बसला असेल तर तिथेच कळतं. एकदा दिवसाचं टपाल सुरू झालं की मग काही कळत नाही, हात चालत राहतो. गादी, पाकीट, गादी, पाकीट.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी मुलीकडे, मुग्धाकडे, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेले, तेव्हा नातीने, इराने (वय नऊ) पहिल्याच आठवड्यात विचारलं, “आजी, तुला लेटरबॉक्स शोधता येतो का?”

“शोधायचा कशाला? तांबडा असतो, चौकात असतो.”

“तो नाही गं. लपवलेला.”

पोस्टाच्या पेटीने लपून बसायचं, हा विचार पचायला मला जरा वेळ लागला.

तर हा लेटरबॉक्सिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी रानात, पायवाटेच्या आसपास, एक छोटा डबा लपवतं. डब्यात एक वही आणि हाताने कोरलेला एक रबरी शिक्का. तो कुठे आहे याचं कोडं लिहून ठेवतात. आपण जायचं ते आपली वही आणि आपला शिक्का घेऊन. डबा सापडला की त्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा ठसा त्यांच्या वहीत उमटवायचा, आणि डबा होता तसा परत लपवायचा. बक्षीस नाही, खाऊ नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. समीररावांनी, म्हणजे जावयांनी, मला समजावलं की याहून ‘पुढचा’ खेळ म्हणजे जिओकॅशिंग, त्यात उपग्रहावरून जागा कळते. तो २००० सालच्या मे महिन्यात सुरू झाला. माझा हा खेळ त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचा आहे, असं मी त्यांना नंतर वाचून सांगितलं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचं उजाड, दलदलीचं माळरान आहे. तिथल्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली. जो तिथवर चालत पोचेल त्याने तीत आपलं नावाचं कार्ड टाकायचं. पुढे लोक स्वतःच्या पत्त्याचं पोस्टकार्ड टाकून यायला लागले. नंतर येणाऱ्याने ते उचलायचं आणि खाली गावात आल्यावर पोस्टात टाकायचं. म्हणजे ती खरोखरच टपालपेटी होती, फक्त पेटी उघडायला येणारा पोस्टमन कोण आणि कधी, हे कुणालाच ठाऊक नसायचं! शिक्के त्यानंतर आले. अमेरिकेत हे सगळं पोचलं १९९८ मध्ये, स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरवर लेख छापून आल्यावर.

मला हे वाचून आमच्या भागातल्या खेड्यांतल्या पेट्या आठवल्या. मी नोकरीला लागले तेव्हा आडबाजूच्या काही पेट्यांत आत एक ठसा ठेवलेला असे. पोस्टमनने पेटी उघडली की त्याची छाप आपल्या वहीत घेऊन यायची. पत्र एकही नसलं तरी छाप हवीच. तो खरंच तिथे गेला होता, वडाखाली बसून ‘पेटी रिकामी’ असं लिहिलं नव्हतं, याचा पुरावा. आता पेटीत बारकोड चिकटवतात आणि मोबाइलने वाचतात. कल्पना तीच.

प्रत्येकाचा शिक्का स्वतःचा, स्वतः कोरलेला हवा. इराचा कासवाचा आहे. माझा कशाचा?

याचं उत्तर आदल्या रविवारी मिळालं होतं. मुग्धाच्या ओळखीतले काही लोक सडबरी नदीत होडीतून तण उपटायला जातात. मी काठावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हिरवा ढीग आणून टाकला आणि मी उठून उभीच राहिले. शिंगाडा! पानांचं तेच चक्र, देठावर तोच फुगीर भाग, खाली तेच काळसर फळ. फक्त आपल्या शिंगाड्याला दोन शिंगं, याला चार, आणि टोकं अशी की चपलेतून आरपार. हार्वर्डच्या वनस्पती उद्यानात १८७० च्या दशकाच्या शेवटी कौतुकाने वाढवलेली ही वेल तिथल्याच माणसांनी आसपासच्या तळ्यांत टाकली, आणि आता ती या नद्यांवर अशी पसरते की खाली ऊन पोचत नाही. बी तळाच्या चिखलात दहा-बारा वर्षं तग धरतं, म्हणून दर उन्हाळ्यात हाताने उपटत राहावं लागतं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे याच्या पिठाचा शिरा करतात, उपासाला. त्यातल्या एका बाईंनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “किती लागेल?”

तर माझा शिक्का शिंगाड्याचा. मुग्धाने गुलाबी रबराची वडी आणि लिनो कोरायची हत्यारं आणून दिली. तीन संध्याकाळी मी ओट्यापाशी बसून कोरत होते. चार शिंगं छान जमली. खाली जागा उरली म्हणून बारीक अक्षरांत ‘शिंगाडा’ असं कोरलं. शाई लावली, कागदावर दाबला. चित्र उत्तम. अक्षरं उलटी.

छत्तीस वर्षं उलट्या अक्षरांचा शिक्का हातात धरला आणि स्वतः कोरताना सरळ कोरला! इरा जमिनीवर लोळून हसली. नंतर कळलं की कागदावर पेन्सिलीने सरळ लिहून तो कागद रबरावर पालथा घासायचा असतो, आपोआप उलटं उमटतं. मुग्धा म्हणाली दुसरा कर. मी नाही केला. चुकलेला ठसा खोडायचा नसतो, ही आमची सवय.

जुलै संपत आला होता, श्रावण लागला होता. रविवारी सकाळी आठला आम्ही कॉन्कर्डला ‘ग्रेट मेडोज’ला पोचलो. हे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटल्यावर आपल्याला कोयना, चांदोली आठवतं, जीप, पास, गाईड. इथे वस्तीतल्या घरांच्या रांगेतून गाडी वळली आणि समोर पाणीच. दोन मोठी उथळ तळी, मधून मातीचा बांध, बांधाच्या टोकाला कॉन्कर्ड नदी. फेरी पावणेदोन मैलांची, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, एकही चढ नाही. माझ्या गुडघ्यांनी मनोमन नमस्कार केला.

गाडीतळापाशी निळ्या उडत्या हंसाची पाटी होती. ही सगळ्या अमेरिकन अभयारण्यांची खूण, डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढलेली. याच माणसाने १९३४ मध्ये पहिलं ‘डक स्टॅम्प’ही काढलं. इथे माझे कान टवकारले. हे तिकीट पोस्टात मिळतं, पण पत्राला चालत नाही, आपल्या रेव्हेन्यू तिकिटासारखं. बदकांची शिकार करणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. तेव्हा एक डॉलर होता, आता पंचवीस, आणि डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी घेण्यात आणि राखण्यात जातात. शिकारी नसलेले लोकही हौसेने घेतात, कारण प्रवेशशुल्क असलेल्या अभयारण्यांत ते दाखवलं की पैसे पडत नाहीत. तिकिटं विकून पाखरांसाठी जमीन घ्यायची! मी आयुष्यात विकलेल्या तिकिटांतून काय काय झालं असेल ते असेल, एवढं थेट काही नाही.

ही तळीसुद्धा शिकाऱ्याचीच देणगी. सॅम्युएल होर यांनी बदकं यावीत म्हणून इथे बांध घालून पाणी अडवलं, आणि १९४४ मध्ये जमीन सरकारला देऊन टाकली.

आता नियमाचं. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही ठेवून जायचं नाही, पुरायचं नाही, उकरायचं नाही. डबा म्हणजे ‘काहीही’त येतोच. म्हणून या कोड्याच्या कर्त्याने एक युक्ती केली होती. कोड्याचे आकडे अभयारण्यात गोळा करायचे आणि डबा मात्र हद्दीबाहेर, जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेला लागून, परवानगी घेऊन ठेवलेला. मला हे आवडलं. नियम पाळून खेळ बसवायला डोकं लागतं.

पहिला आकडा मनोऱ्याच्या पायऱ्यांचा. किती ते सांगणार नाही, तो या खेळातला शिष्टाचार आहे. इरा धावत चढली, मी कठडा धरून चढले, आणि वर पोचल्यावर आकडाबिकडा विसरले.

खालचं तळं कमळांनी भरलं होतं. आपल्या गुलाबी कमळांसारखीच मोठी, पण फिकट पिवळी, ताकात हळद पडल्यासारखी. पानं पाण्याच्या वीतभर वर, उलट्या छत्र्यांसारखी. तेही इथलं मूळचं नाही म्हणे, दक्षिणेकडून आणलेलं. शिंगाडा उपटतात, कमळ बघायला येतात. मी समीररावांना म्हटलं, कमळकाकडी खाली चिखलात असेल हो. ते घाईघाईने म्हणाले, “आई, इथलं पानसुद्धा तोडायचं नाही.” जसं काही मी पदर खोचून उतरणारच होते.

बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना बोरूसारखं उंच गवत आणि त्यावर काळे पक्षी, खांद्याला तांबडा पट्टा. हवालदारासारखे. जवळ गेलं की खेकसतात. पाण्यात एक मोठा निळसर बगळा उभा होता, आपल्या राखी बगळ्याचा थोरला चुलतभाऊ. आम्ही त्याच्यासमोरून दहा मिनिटांत गेलो आणि परत आलो तेव्हाही तो तसाच उभा. असे एक साहेब आमच्या विभागात होते.

पुढे पाण्यात खांबावर लाकडी पेट्या दिसल्या. पुढच्या बाजूला भोक. मी इराला हाक मारली, “ही बघ सापडली!” ती म्हणाली, “आजी, ते बदकांचं घर आहे.” इथलं वुड डक नावाचं बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकार आणि झाडतोड मिळून ते संपत आलं होतं. मग शिकारीवर बंदी आली, आणि ढोल्या नाहीत तर अशा पेट्या लावल्या, आणि ते परत आलं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी भोकातून सरळ पाण्यात उड्या मारतात. मी बराच वेळ वाट पाहिली, पण जुलैअखेर म्हणजे उड्या कधीच मारून झाल्या होत्या.

दुसरा आकडा एका पाटीवर होता, कासवांच्या. ब्लँडिंग्ज टर्टल, पिवळ्या गळ्याचं. त्याची पिल्लं फार मरतात, म्हणून इथल्या शाळांत वर्गात हिवाळाभर पेट्यांत सांभाळतात. ऊब आणि खाणं मिळाल्यामुळे ती एका हिवाळ्यात रानातल्या दोन-तीन वर्षांएवढी वाढतात, मग सोडतात. इराच्या शिक्क्यावर कासव का, ते मला तेव्हा कळलं.

नदीपाशी थांबून राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. ही कॉन्कर्ड नदी म्हणजे सडबरी आणि असाबेट या दोघींच्या संगमानंतरचं नाव, इथून थोडं वर दोघी मिळतात. मी कराडची. दोन नद्या मिळाल्यावर एकीने नाव सोडणं ठीक, पण दोघींनीही सोडायचं? आमच्याकडे कृष्णा कृष्णाच राहिली.

आकडे जमले. मग रेल्वेमार्गाची पायवाट. रूळ कधीच गेले, आता सावलीतली सरळ वाट आहे. कोडं म्हणत होतं: खुणेच्या खांबाला पाठ लाव, अमुक अंशांकडे तोंड कर, चाळीस पावलं, मग ढासळलेली दगडी भिंत, आणि भिंतीत ज्या दगडावर दगड नाही त्याच्यामागे बघ.

समीररावांनी फोनवर होकायंत्र उघडलं. चाळीस पावलं चालले. भिंत होती, पण तिथे तीन-तीन पानांची चकचकीत झुडपं माजली होती. इरा ओरडली, “बाबा, थांब!” पॉयझन आयव्ही. अंगाला लागली की आठ-दहा दिवस खाज आणि फोड. बेलाची तीन पानं दिसली की हात जोडायचे, इथली दिसली की हात मागे घ्यायचे.

अर्धा तास शोधलं. पायमोज्यात पँट खोचून, कारण गोचीड. प्रत्येक दगड संशयित. समीरराव म्हणायला लागले की डबा कुणीतरी नेला असणार. हे वाक्य मी खिडकीवर फार ऐकलंय. ‘पोस्टातच हरवलं असणार.’ दहातली नऊ पत्रं पत्त्यात घोटाळा असल्यामुळे फिरत असतात.

मी कोडं पुन्हा वाचलं. अंशांच्या पुढे बारीक अक्षरांत ‘चुंबकीय’ असं लिहिलं होतं. इराच्या दप्तरात तिचं दोन डॉलरचं होकायंत्र होतं, सुईचं. ते आणि फोन शेजारी धरले तर उत्तर दिशा वेगळी! फोनमध्ये नकाशावरची खरी उत्तर लावलेली होती. सुई दाखवते ती चुंबकीय, आणि मॅसॅच्युसेट्सच्या या भागात ती खऱ्या उत्तरेच्या साधारण चौदा अंश पश्चिमेला असते. आपल्याकडे साताऱ्यात हा फरक एखाद्या अंशाचाच, म्हणून शाळेत कुणी कधी बोललं नाही. चौदा अंश म्हणजे चाळीस पावलांवर दहा पावलांची चूक. आम्ही खऱ्या जागेच्या बरोबर दहा पावलं उजवीकडे झुडपांत उभे होतो.

सुई धरून पुन्हा चाललो. भिंत. दगडावर दगड नसलेला दगड. मागे सालींचा थर, सालींखाली डबा.

उघडायचा मान मला मिळाला. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात हातभर नाही, तळहाताएवढी वही. आणि शिक्का: गवताच्या काडीवर बसलेला तो खांद्यावर पट्टा असलेला पक्षी, चोच उघडी. पिसांच्या रेघा अशा बारीक की मी चष्मा पुसून पाहिलं.

वहीत चाळीसेक ठसे होते. कोल्हा, चहाची किटली, बर्फाचा माणूस, एक बूट. खाली टोपणनाव, तारीख. कुणाची शाई जास्त झालेली, कुणाचा ठसा निम्माच, कुणी दाबताना हलवलेला. माझ्या तोंडून निघालंच, “अगं, शिक्का आपटायचा नाही आणि घासायचाही नाही. सरळ ठेवायचा, चारी बाजूंनी वजन द्यायचं, सरळ उचलायचा.” एवढ्या वर्षांत ही विद्या कुणाला शिकवावी असं वाटलं नव्हतं, कारण खिडकीपलीकडे दीडशे पाकिटं वाट बघत असायची आणि आपटल्याशिवाय ती संपायची नाहीत. इथे एकच ठसा. मी वही मांडीवर घेतली, खाली माझ्या प्रवासी पिशवीचा पुठ्ठा ठेवला, शाई हलकी लावली. चार शिंगं, खाली उलटा ‘शिंगाडा’, त्याखाली तारीख. आधी दिवस, मग महिना. आमच्या पद्धतीने.

मग मी एक आगाऊपणा केला. पर्समधून पोस्टकार्ड काढलं. मुग्धाचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं, डार्टमूरच्या जुन्या रिवाजाप्रमाणे. वर इराकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं: ज्याला हे सापडेल त्याने कृपया पोस्टात टाकावं आणि पेटी कोरडी आहे का ते कळवावं. कारण मुग्धा सांगत होती, या डब्यांचा खरा वैरी चोर नाही, ओल आहे. समीरराव म्हणाले, “आई, आता असं कुणी करत नाही. महिनोन् महिने कुणी येणारही नाही.” मी कार्ड वहीत ठेवलं, पिशव्यांच्या तोंडातली हवा काढली, झाकणाच्या चारी कड्या दाबल्या आणि साली पुन्हा पसरल्या.

पुढचे दिवस मी रोज दुपारी फाटकापाशी जायचे. इथल्या घरांच्या पेट्यांना लाल निशाण असतं, ते मला अजून गमतीचं वाटतं. जाहिराती, विजेचं बिल, जाहिराती.

अकराव्या दिवशी कार्ड आलं. एका कोपऱ्यात चतुराचा ठसा, पंखांच्या जाळीसकट, अजिबात न फाकलेला. आणि पेन्सिलीने तीन वाक्यं. पेटी कोरडी आहे. झाकण घट्ट बसतं. आत एक कोळी होता, त्याला राहू दिलं.